एक गोळा कमी

दुकानदाराने स्वेटरला लोकरीचे नऊ गोळे लागतील असं सांगितलं की बाई आठ घ्यायच्या. पाच सांगितले की चार. तान्ह्या बाळाच्या टोपड्या-मोज्यांना दोन हवेत म्हटलं, तर एकच पिशवीत टाकून दुकानाची पायरी उतरायच्या. पंधरा वर्षं मी हा नेम पाहत आले. पुढे तो मोडला आणि मोडायला कारण मीच झाले. ते ओघाने येईलच.

मुरबाडला एसटी स्टँडच्या मागे आमची आळी. आळीत कुणी बाईंना चिकट म्हणायचं, कुणी विसरभोळ्या. मला दोन्ही पटायचं नाही. चिकट बाई दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना स्वेटर विणून देत नाही आणि विसरभोळी बाई तीस वर्षं शाळेत गणित शिकवत नाही. मी त्याच शाळेत मराठी शिकवायचे, त्यांच्याहून बरीच धाकटी. दोघी निवृत्त झालो तरी मी त्यांना बाईच म्हणत राहिले. लग्न त्यांनी केलं नव्हतं. दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीत वेताची खुर्ची, खुर्चीत बाई आणि पायाशी चार-पाच मांजरं.

मुरबाडला थंडी असून असून किती? सिद्धगडाकडून वारा सुटला तर वीस-पंचवीस दिवस माणसं सकाळी कानाला रुमाल बांधतात, संपला हिवाळा. अशा गावात बाई वैशाखातसुद्धा लोकर घेऊन बसायच्या. घामाने सुई सटकायला लागली की तळहाताला पावडर चोळायच्या आणि पुढे चालू. पोस्टमनला दिलेला स्वेटर त्याने कधी घातलेला मी पाहिला नाही, पण त्यांच्या दाराशी येण्याआधी तो सायकलच्या हँडलला अडकवायचा खरा. भर मे महिन्यातही.

मांजरं त्यांना एसटीच्या प्रवासात सापडायची आणि जिथे सापडली त्या थांब्याचं नाव त्यांना मिळायचं. सरळगाव नावाचा एक बोका होता. किन्हवली नावाची पांढरी मांजर होती. एक लंगडी काळी मांजर कुठल्याशा विनंती थांब्यावर सापडली, तिचं नाव विनंती. नवखा माणूस आळीतून जाताना "अगो, किन्हवली व्यायली, तीन झाली" असं काहीतरी ऐकायचा आणि थबकून बघत राहायचा.

आणखी एक सवय होती. विणताना ओळ मध्ये सोडायची नाही. कुणी काहीही बोलो, बाई डाव्या हाताचं एक बोट वर करायच्या. "ओळ संपू दे." एसटीचा कंडक्टर तिकिटाचं यंत्र हातात घेऊन उभा, शाळेत असताना मुख्याध्यापक उभे, सगळ्यांना तेच बोट. शेजारचा मुलगा एकदा रडत सांगायला आला, बाबा गेले म्हणून. बाईंनी बोट वर केलं. तो बिचारा दारात हुंदके देत उभा. ओळ संपली, सुया खाली ठेवल्या आणि आळीत सगळ्यांच्या आधी त्या घरात बाईच शिरल्या आणि सगळे पाहुणे पांगल्यावर शेवटी बाहेर पडल्या. आधी मला त्या बोटाचा राग यायचा. नंतर कळलं, ओळ संपल्यावर त्या जे ऐकायच्या ते पूर्ण ऐकायच्या.

माझे यजमान गेले तेव्हा बाई तेरा दिवस माझ्याशेजारी बसून विणत होत्या. धीराचा एक शब्द त्यांनी काढला नाही. बाकीच्या बायका येऊन नको नको ते बोलून जायच्या, बाई सुलट-उलट टाके मोजत असायच्या. माझा मुलगा बेंगळुरूला परत गेला. चौदाव्या दिवशी घर एवढं मोकळं झालं की मला स्वयंपाकघरात पाऊल टाकवेना. तेवढ्यात फाटक वाजलं.

"उद्या शहापूरला चल," बाई म्हणाल्या. "एक गोळा कमी पडलाय."

"मी? आत्ता? लोक काय म्हणतील?"

"काय म्हणायचं ते म्हणू दे. तू पिशवी धर, मी रंग बघते."

तिथून आमचा प्रवास सुरू झाला. महिन्यातून दोनदा तरी सरळगाव-किन्हवली मार्गे शहापूर. खिडकीची जागा कायम बाईंची, कारण उजेड. त्यात तडजोड नाही. बाहेर कापणी झालेली खाचरं, त्यात वालाची पेरणी, सागाची झाडं, मधूनच एखादा वीटभट्टीचा धूर, आणि बाईंची नजर समोरच्या सीटवरच्या माणसाच्या स्वेटरवर. हात पुढे करून त्या सरळ त्याची कड उलटी करायच्या. "आतून बग कसं केलंय. वरून सगळेच चांगलं करतात." तो माणूस दचकून वळायचा आणि मी दुसरीकडे बघायचे.

शहापूरच्या बाजारात एक कटलरीचं दुकान आहे. खाली बांगड्या, पिना, साडीचे फॉल, लेस. वरच्या फळीवर लोकर. बाई गोळा घेऊन आधी गालाला लावायच्या, मग पायरीवर येऊन उन्हात धरायच्या. गिऱ्हाईकं त्यांना वळसा घालून आत जायची. दुकानदार चांगला माणूस, दर वेळी न चुकता समजवायचा.

"बाई, नऊ न्या. मागाहून त्याच लॉटचा मिळंल असं नाय. नंबर एकच असतो, पण लॉट बदलला का रंगात फरक पडतो."

"आठ द्या. नववा मी येऊन नेईन."

एकदा परतीच्या एसटीत मी विचारलंच. गणिताच्या शिक्षिकेला नऊ कळत नाहीत का? बोट वर झालं. ओळ संपली. मग त्या म्हणाल्या, "नऊ घेतले तर परत यायला काय कारण? एकट्या बाईला घरातनं निघायला कारण लागतं गो. उगाच निघाली का लोक विचारतात, कुठं चाललीस. काय सांगणार?" आणि पुढची ओळ सुरू केली. चौदाव्या दिवशी खरोखर गोळा कमी पडला होता की नाही, हे मी त्यानंतर कधी विचारलं नाही.

शहापूरहून बऱ्याचदा आम्ही पुढे कसाऱ्याला जायचो. तिथे बाईंची मैत्रीण सुमनताई. दोघींनी डी.एड. एकत्र केलेलं, एका ताटात जेवलेल्या. सुमनताईंचे यजमान रेल्वेत होते, ते गेल्यावरही त्या मुलगा-सुनेबरोबर घाटाच्या पायथ्याशीच राहिल्या. विणकाम त्यांना अजिबात येत नव्हतं, नावं ठेवायला मात्र फार छान यायचं. "गळा बग कसा केलाय, माझी मान हाय का म्हशीची?" असं त्या म्हणाल्या की बाई तिथल्या तिथे गळा उसवायला बसायच्या. दुसऱ्या कुणी एका टाक्याला नाव ठेवलं असतं तर बाई आठवडाभर बोलल्या नसत्या.

तीन वर्षांपूर्वी सुमनताई आजारी पडल्या. रक्ताचा आजार होता. औषधं सुरू झाली आणि त्यांच्या अंगातली ऊबच गेली. दुपारी बाराच्या उन्हात खाटेवर बसून कुडकुडायच्या. दिवाळीनंतर आम्ही गेलो तेव्हा त्यांनी बाईंचा हात धरला. "मला एक स्वेटर कर. जांभळाच्या रंगाचा. पुढल्या हिवाळ्याचं सांगू नको, हा हिवाळा धर." हे बोलताना त्या हसल्या नाहीत आणि आम्हीही नाही.

शहापूरला पिकल्या जांभळाचा रंग मिळाला. दुकानदार म्हणाला, नऊ. बाई म्हणाल्या, आठ. मी म्हटलं, "बाई, या वेळी तरी पुरते घ्या."

"या वेळी तर नायच घेणार," त्या म्हणाल्या. "नववा राह्यला पाहिजे." तेव्हा मला वाटलं हट्ट आहे. नंतर वाटलं, परत यायचं बाकी आहे तोवर सुमन राहील, असं काहीसं त्यांच्या मनात असावं. गणित शिकवलेल्या बाईने असं मनात आणावं!

बाईंनी मांजरांकडेही न बघता महिन्याभरात पाठ, पोट आणि उजवी बाही केली. डावी बाही कोपरापर्यंत आली आणि आठवा गोळा संपत आला. त्याच आठवड्यात मी पुतणीच्या साखरपुड्याला एकटीच शहापूरला गेले होते. बाजारातून येताना दुकानात डोकावले. फळीवर जांभळा एकच गोळा उरला होता, त्याच लॉटचा. गल्ल्यावर दुकानदाराची सून होती, ती मला ओळखत नव्हती. मी गोळा घेतला. मनात पाप नव्हतं, हे मी आज शपथेवर सांगेन. बाईंना चकित करायचं होतं.

दिवेलागणीला आळीत शिरले तर बाई पडवीत. "आलीस? गुरुवारी शहापूरला जाऊ, नववा आणायचाय." आणि मग, सुया बाजूला ठेवून, "या वेळी खिडकीला तू बस."

पंधरा वर्षांत त्यांनी खिडकी कुणाला दिली नव्हती. माझा हात पिशवीत गोळ्यावर होता. तो तसाच रिकामा बाहेर आला. म्हटलं, गुरुवारी एक फेरी होऊ दे, येताना देऊ. चार दिवसांनी काय बिघडतंय?

गुरुवारी मी खिडकीला बसले. दुकानदार म्हणाला, "अहो, सुनेनं कुणाला तरी दिला. हा दुसऱ्या लॉटचा हाय, चालतोय का बघा." बाईंनी तो उन्हात धरला, पिशवीतून अर्धी बाही काढून शेजारी धरली. "नाय. सुमनला कळंल." आणि माझ्याकडे वळून त्या इतक्या उत्साहाने म्हणाल्या, "शोधू गो! कल्याणला बघू," की मी गप्प राहिले. खरं सांगायचं तर मला आनंद झाला. कल्याणला गेलो. पुढच्या आठवड्यात वासिंदला. डबा बांधायचा, जीप धरायची, दुकानांच्या पायऱ्या चढायच्या. यजमान गेल्यापासून एवढं हसणं मला ठाऊक नव्हतं. दर फेरीआधी मी ठरवायचे की ही शेवटची, आणि दर फेरीनंतर सांगणं आणखी अवघड व्हायचं. गोळा माझ्या कपाटात, साड्यांखाली होता.

शेवटी नाशिकला गेलो. तिथेही नाही. परतताना कसाऱ्याला उतरलो. सुमनताई दोन रजयांखाली होत्या, तोंड हळकुंडासारखं पिवळं पडलेलं.

"झाला?"

"एक बाही कोपरापासनं राह्यली. रंग मिळत नाय."

"तसाच दे. हात रजईत घेईन."

"अर्धवट मी कुणाला दिलंय काय?" बाई म्हणाल्या. "तुझ्या अंगावर अर्धवट बघणार मी?"

सुमनताईंनी डोळे मिटले. "मला थंडी वाजते गो," एवढंच म्हणाल्या. मी दोघींच्या मध्ये स्टुलावर बसले होते. बोलायला एक वाक्य पुरेसं होतं. ते मला त्या खोलीत बोलता आलं नाही. रात्रभर एक थाप रचली, मुरबाडच्याच दुकानात अडगळीत सापडला असं सांगायचं. सकाळी सातला गोळा पर्समध्ये घालून मी बाईंच्या दारात गेले. बाई चपला पायात सरकवत होत्या.

"सुमन गेली," त्या म्हणाल्या. "पहाटे. फोन आला."

कसाऱ्याला पोचेपर्यंत एसटीत त्या विणत नव्हत्या. अंगणात माणसं जमली होती. बाई आत गेल्या, पिशवीतून स्वेटर काढला आणि सुमनताईंच्या सुनेला म्हणाल्या, "हात उचल तिचा." सुनेने उचलला. कुणी अडवलं नाही. उजवा हात पूर्ण झाकला गेला, डावा कोपरापासून उघडा. डाव्या बाहीतली सुई बाईंनी ओढून घेतली. टाके मिटवले नाहीत, तसेच मोकळे सोडले आणि वरून नवं पातळ सारखं केलं. मी उंबऱ्याशी उभी होते आणि गोळा माझ्या पर्समध्ये होता.

सव्वा महिना मी तो पोटात ठेवला. शिमग्याच्या आधी एका संध्याकाळी गेले. बाई पडवीत विणत होत्या, विनंती मांडीवर.

"बाई, तो नववा गोळा मी आणला होता. साखरपुड्याच्या दिवशी. माझ्याकडेच होता सगळे दिवस. तुमच्याबरोबर हिंडायला मिळावं म्हणून दिला नाही."

डाव्या हाताचं बोट वर आलं. मी थांबले. ओळ संपली. बाईंनी काम उलटं केलं आणि दुसरी ओळ सुरू केली. ती संपली, तिसरी सुरू केली. मी चार ओळी उभी होते. मग त्या खाली बघतच म्हणाल्या, "जाताना किन्हवलीला दूध घाल."

मी दूध घातलं आणि घरी आले.

त्यानंतर बाई एकट्या जायला लागल्या. शहापूरहून येणाऱ्या कुणीतरी सांगितलं, बाई हल्ली दुकानदार सांगेल तेवढे गोळे एकदम घेतात. ऐकून मी पदर तोंडाला लावला. फेऱ्या हळूहळू कमी होत गेल्या. परत जायला कारणच नव्हतं. आळीत समोरासमोर आलो की त्या मान हलवायच्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तीन घरं सोडून त्या राहायच्या, पण त्या पडवीची पायरी चढायचं मला धाडस झालं नाही. दोन हिवाळे असे गेले.

तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडावर, गेल्या दिवाळीनंतर, एका सकाळी त्या माझ्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या. खांद्याला प्रवासाची पिशवी. मी खिडकीच्या पडद्याआड होते. मला वाटलं, साठलेलं बोलायला आल्या. आज सगळं काढतील. फाटकाच्या कडीवर त्यांनी हात ठेवला, वाजवली नाही. थोडा वेळ थांबल्या, घराकडे पाहिलं आणि स्टँडच्या वाटेला न जाता मागे आपल्या घरी गेल्या. मी पडदा सोडला. सुटले, असंच वाटलं मला तेव्हा.

पौष महिन्यात बाई गेल्या. दुपारी खुर्चीतच. मांजरं ओरडायला लागली म्हणून दूधवाला डोकावला. हातात सुया, ओळ अर्ध्यावर. भाचा आला, त्याने भांडी-सामान नेलं आणि मांजरं माझ्या पदरात घातली. जोडीला विणकामाची पिशवी दिली. म्हणाला, "मावशी, आमच्यात कुणाला येत नाय."

पिशवीत शेवाळी हिरव्या रंगाचं विणकाम होतं. पाठ आणि पोट झालेलं, उजवी बाही झालेली, डावी सुईवर. पाठीचा तुकडा मी सहज अंगाला लावून पाहिला. बाई कधी टेपने माप घेत नसत, नजरेने घ्यायच्या. खांदे माझेच होते. पिशवीत लोकर जेमतेम बोटभर उरलेली.

दुसऱ्या दिवशी एसटीने शहापूरला गेले. खिडकीला बसले नाही. दुकानदाराला पिशवी दाखवली. त्याने बाईंची बातमी ऐकली, हात जोडले आणि स्टुलावर चढून फळीच्या अगदी मागून कागदात गुंडाळलेला एक शेवाळी गोळा काढला.

"हा त्यांचाच. दसऱ्याला आल्या व्हत्या. मी म्हटलं नऊ, तर म्हणाल्या आठ द्या. किती दिवसांनी ऐकलं ते! नववा बाजूला ठेवा म्हणाल्या, कुणाला देऊ नका. दिवाळी झाली का आमी दोघी येऊ."

फाटकाच्या कडीवरचा तो हात मला दिसला. मी दुकानाच्या पायरीवर बसले आणि भर बाजारात रडले. गिऱ्हाईकं मला वळसा घालून आत जात होती. दुकानदाराने पाणी आणून दिलं, गोळा पिशवीत घालायला पुढे केला.

"नको," मी म्हटलं. "ठेवा बाजूलाच. मी येऊन नेईन."